टाचेमागची सूज आणि खेळाडूचा हंगाम

खेळाडूचा गुडघा मुरगळला की घरातली माणसे, प्रशिक्षक आणि सोबती असे सारेच सावध होतात. टाचेच्या मागे दुखू लागले, तर मात्र ‘बूट लागला असेल, दोन दिवसांत थांबेल’ असे म्हणून त्याच बुटात सराव सुरू राहतो. पुष्कळदा ते खरोखरच दोन दिवसांत थांबते. थांबले नाही, तर टाचेच्या हाडामागील एका लहानशा पिशवीला सूज आलेली असण्याची शक्यता असते. वैद्यकीय परिभाषेत या विकाराला टाचेचा बर्सायटिस म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लक्ष दिले, तर बूट बदलणे, टाचेला थोडी उंची देणे आणि सरावाचा भार कमी करणे एवढ्यावर तो बहुधा आटोक्यात येतो. दुर्लक्ष झाले, तर शेजारची अकिलीस कंडराही दुखावते आणि अख्खा हंगाम हातचा जातो.

या दुखण्याची आणखी एक अडचण आहे. मैदानावर सर्रास सुचविले जाणारे तीन उपाय येथे अपायकारक ठरू शकतात. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली ताणणे हा पहिला, बुटाची नाडी आणखी घट्ट आवळणे हा दुसरा आणि निवड चाचणीच्या तोंडावर टाचेत इंजेक्शन घेणे हा तिसरा. हे उपाय का चुकतात, हे समजण्यासाठी टाचेमागची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

हाड, कंडरा आणि मधली पिशवी

पोटरीचे स्नायू खाली उतरताना एकत्र येतात आणि त्यांची एक जाड, दोरखंडासारखी कंडरा बनते. ती टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूस, त्याच्या वरच्या टोकाच्या किंचित खाली चिकटते. हीच अकिलीस कंडरा होय. मानवी शरीरातील ही सर्वांत जाड आणि बळकट कंडरा असून धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

कंडरा आणि हाड एकमेकांवर घासू नयेत, यासाठी त्या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत एक पातळ पिशवी असते. तिच्यात अगदी थोडा वंगणासारखा द्रव असतो. ही झाली खोलवरची पिशवी. दुसरी पिशवी कंडरा आणि त्वचा यांच्यामध्ये असते. ती वरवरची असून बुटाच्या सततच्या घर्षणामुळे तयार होते किंवा वाढते. या दोहोंपैकी कोणत्याही पिशवीचा दाह झाला, म्हणजे तिच्यात द्रव साठून ती फुगली आणि दुखू लागली, की त्याला बर्सायटिस म्हणतात. दोन्ही पिशव्यांची दुखणी शेजारशेजारची असली, तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. वरवरची पिशवी बुटाच्या कडेने बाहेरून चेपली जाते. खोलवरची पिशवी आतून, हाड आणि कंडरा यांच्या चिमटीत सापडते.

ही चिमटी नेमकी केव्हा आवळते, हे या साऱ्या विषयाचे मर्म आहे. पाऊल नडगीच्या दिशेने वर वाकते, म्हणजेच टाच बोटांपेक्षा खाली जाते, तेव्हा टाचेच्या हाडाचा वरचा कोपरा कंडरेवर दाबला जातो आणि मधली पिशवी चेपली जाते. चढ चढताना, मऊ वाळूत टाच रुतताना, पूर्ण टाचा टेकवून उकिडवे बसताना आणि पायरीवर टाच खाली सोडून पोटरी ताणताना हीच हालचाल घडते. काहींच्या टाचेच्या हाडाचा हा वरचा कोपरा जन्मतः किंवा पुढे वाढल्यामुळे अधिक उंच असतो. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक पॅट्रिक हॅग्लुंड यांनी १९२० च्या दशकात या उंचवट्याचा आणि कठीण पाठीच्या बुटांचा संबंध दाखवून दिला. तेव्हापासून हा उंचवटा त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मोठ्या खेळाडूंनाही चुकले नाही

टाचेमागच्या दुखण्याची किंमत काय असते, हे हैदराबादच्या क्रीडाविश्वाने जवळून पाहिले आहे. सायना नेहवाल हिने बॅडमिंटनचे पहिले धडे याच शहरातील लाल बहादूर स्टेडियमवर गिरविले. २०१५ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचलेली पहिली भारतीय महिला बॅडमिंटनपटू ठरली. त्याच वर्षी ऑल इंग्लंड आणि जागतिक अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम फेरीपर्यंत तिने मजल मारली. वर्षअखेरीस मात्र अकिलीस कंडरेच्या दुखण्याने तिला गाठले. ऑलिम्पिकचे वर्ष असलेल्या २०१६ च्या प्रारंभी काही सामन्यांना तिला मुकावे लागले. पुरेशी विश्रांती आणि उपचार यांनंतर त्याच वर्षी जूनमध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

वेगवान गोलंदाज मोहम्मद शमी याने २०२३ च्या विश्वचषकात अवघ्या ७ सामन्यांत २४ बळी घेतले. पुढच्याच फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याच्या टाचेजवळील अकिलीस कंडरेवर शस्त्रक्रिया झाली. स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये तो परतला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, रणजी सामन्यातून. आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात जानेवारी २०२५ मध्ये. त्यानंतरच्या आयपीएल हंगामात तो हैदराबादच्या संघाकडून खेळला.

या दोघांचीही दुखणी कंडरेची होती. त्यांना बर्सायटिस झाला होता, असा याचा अर्थ नव्हे. मात्र कंडरा आणि पिशवी एकमेकींना अगदी लागून असतात आणि त्यांची दुखणी पुष्कळदा एकत्रच नांदतात. पिशवीची सूज वेळीच ओळखणे हे म्हणूनच कंडरा वाचविण्याचेही काम ठरते. नामवंत खेळाडूच्या मागे वैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि संघटना उभी असते. तरीही त्याचे महिने जातात. ज्या तरुणाला एकाच निवड चाचणीवर क्रीडा कोट्यातील नोकरी मिळणार की नाही हे ठरणार असते, त्याच्यासाठी तर हेच महिने आयुष्याची दिशा बदलणारे असतात.

गौलीगुड्यातील धावपटू

लाल बहादूर स्टेडियमवरून मुसी नदीच्या दिशेने निघाले, की कोटी आणि सुलतान बाजार ओलांडून गौलीगुडा लागतो. नावातच गौळी असलेली ही हैदराबादची जुनी, दाट वस्ती. या भागात आणि आसपास मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. विवेक वर्धिनी ही जुनी मराठी शिक्षणसंस्था शेजारच्याच जांबाग परिसरात आहे. जुन्या प्रवाशांना गौलीगुडा आठवतो तो येथील निजामकालीन, अर्धगोल छपराच्या बस स्थानकामुळे. ती वास्तू ५ जुलै २०१८ रोजी कोसळली.

अशा वस्तीत राहणाऱ्या एखाद्या १९ वर्षांच्या धावपटूचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणून पाहावा. वस्तीत धावायला मोकळी जागा नाही, म्हणून तो पहाटे हुसेनसागराच्या काठी टँक बंडवर जातो. तेथील रस्ता सपाट असल्यामुळे वर्षभर त्याला काही त्रास होत नाही. निवड चाचणी दोन महिन्यांवर येते आणि सरावात चढाच्या धावांची भर पडते. हैदराबाद ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर वसलेले शहर आहे. नौबत पहाड, बंजारा हिल्स, शिवाय जागोजागीचे उड्डाणपूल, यांमुळे चढांना तोटा नाही. त्याच सुमारास नवे, पायाला घट्ट बसणारे, कठीण पाठीचे स्पाइक्स येतात. एरवी आठवड्यातून चार दिवस होणारा सराव सहा दिवसांवर जातो. पहाटे व्यायामापूर्वी पायरीवर टाचा ताणण्याचा पाठ तर शाळेपासूनचाच.

यांपैकी एकेक गोष्ट टाचेने निभावून नेली असती. चढ, नवे बूट आणि वाढलेला सराव हे तिन्ही एकाच पंधरवड्यात आले, की खोलवरची पिशवी आतून आणि वरवरची पिशवी बाहेरून, अशा दोन्ही बाजूंनी चेपल्या जातात. खेळाडूंमधील बर्सायटिसची कथा बहुतेक वेळा अशीच असते. एखादा अपघात शोधूनही सापडत नाही. सापडतो तो भारातील अचानक बदल.

गोव्यात टेकड्यांच्या जागी किनारा येतो. मिरामार किंवा कोलवा येथील मऊ, कोरड्या वाळूत धावताना प्रत्येक पावलाला टाच रुतते आणि तीच चिमटी आवळते. किनाऱ्यावर धावायचेच असेल, तर ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट आणि सपाट वाळू निवडावी. पणजीचा आल्तिनो चढणाऱ्यांनाही हीच खबरदारी लागू पडते. फुटबॉलपटूंच्या बाबतीत बूट हे मुख्य कारण असते. चेंडूवर चांगला ताबा मिळावा म्हणून अनेक खेळाडू पायाच्या मापापेक्षा लहान बूट घालतात. त्यांची पाठ कठीण आणि टाच सपाट असते. पावसाळा संपून मैदान टणक झाले, की या बुटांचा धक्का थेट टाचेवर बसतो.

कसे ओळखावे

टाचेच्या बर्सायटिसची काही लक्षणे खेळाडूला स्वतःलाही ओळखता येतात.

पहिले लक्षण म्हणजे वेदनेची जागा. ती टाचेच्या तळाशी नसून मागच्या बाजूला, बुटाची वरची कड जेथे टेकते तेथे असते. दुसरे लक्षण वेदनेची वेळ. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली काही पावले जड जातात. सरावाच्या प्रारंभी दुखते, अंग गरम झाल्यावर कमी होते आणि सराव संपून तासाभराने पुन्हा वाढते. मधल्या या उतारामुळे खेळाडूची हमखास फसगत होते आणि दुखणे बरे झाले असे समजून तो भार वाढवतो.

तिसरे लक्षण आपल्याकडे सहज तपासता येण्याजोगे आहे. घरी चप्पल घातली असता त्रास नाही आणि बूट चढवताच दुखू लागते, असे होत असेल, तर बुटाच्या पाठीवर संशय घ्यावा. चपलेला मागची बाजू नसल्यामुळे वरवरच्या पिशवीवरील दाब नाहीसा होतो.

चौथे लक्षण म्हणजे सुजेचा आकार. वरवरच्या पिशवीचा दाह असेल, तर टाचेच्या अगदी मागे, त्वचेखाली लालसर, मऊ गाठ दिसते. खोलवरच्या पिशवीचा दाह असेल, तर कंडरेच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या भरून आल्यासारख्या वाटतात. दोन्ही पायांची मागून तुलना केल्यास हा फरक लक्षात येतो. टाचेच्या हाडाच्या लगेच वर, कंडरेच्या पुढच्या बाजूस अंगठा आणि तर्जनी यांनी दोन्हीकडून हलकेच दाबले असता तीव्र वेदना झाली, तर खोलवरच्या पिशवीचा दाह असण्याची शक्यता बळावते.

निदान बहुतेक वेळा अशा तपासणीवरूनच होते. उभे राहून बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाचा उंचवटा आणि कंडरेतील चुन्याचे थर दिसतात. सोनोग्राफीत पिशवीत साठलेला द्रव दिसतो आणि कंडरेची स्थितीही कळते. एमआरआयची गरज निदान अस्पष्ट असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हाच भासते.

सारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी

टाचेची प्रत्येक वेदना बर्सायटिसची नसते. काही दुखण्यांमध्ये विलंब परवडणारा नसतो, म्हणून ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

टाचेच्या तळाशी, पावलाच्या कमानीच्या बाजूने दुखत असेल, तर ते बहुधा तळपायाच्या पडद्याचे दुखणे असते. साधारण ८ ते १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांमध्ये टाचेच्या हाडाच्या वाढीच्या भागावर ताण येऊन वेदना होते. वाढीच्या वयातील हे तात्पुरते दुखणे असून भार कमी केल्यास आणि वय वाढेल तसे ते थांबते. त्यावर इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांचे काम नसते.

टाचेचे हाड दोन्ही बाजूंनी तळहातांनी दाबल्यावर खोल वेदना होत असेल, धावताना ती कमी न होता वाढतच जात असेल आणि नंतर नुसते चालणेही जड होत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला असण्याची शंका घ्यावी. प्रारंभीच्या एक्स-रेमध्ये असा तडा पुष्कळदा दिसत नाही.

मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून ‘फट्’ असा आवाज झाला आणि चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. पालथे झोपून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर ही शंका पक्की होते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखावण्याचा धोका वाढतो, हेही लक्षात ठेवावे. ही औषधे चालू असताना टाच दुखू लागल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे.

दोन्ही टाचा दुखणे, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकणे, कंबर पहाटे दुखून हालचालीने मोकळी होणे, त्वचेवर सोरायसिसचे चट्टे किंवा वारंवार डोळे लाल होणे ही लक्षणे तरुण वयात एकत्र आढळली, तर कारण खेळात नसून सांध्यांच्या दाहक विकारात असू शकते. त्यासाठी संधिवाततज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ताप, तापलेली लाल टाच, जवळपास फोड किंवा जखम असेल, तर पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. मधुमेह असलेल्यांनी अशा वेळी घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

पहिला उपचार : दाब काढणे

बर्सायटिसच्या उपचाराचे सूत्र एकच आहे. वेदना बधिर करण्याआधी पिशवीवरचा दाब काढावा.

त्यासाठी दोन्ही बुटांत टाचेखाली सुमारे १ ते दीड सेंटिमीटर जाडीची उशी ठेवावी. दुखणे एका पायाचे असले, तरी उंची दोन्हीकडे सारखी द्यावी. अन्यथा कंबर आणि गुडघे कुरकुर करू लागतात. या उंचीमुळे टाच बोटांपेक्षा वर राहते आणि चिमटी सैल होते. बुटाची पाठ मऊ असावी. काही काळ मागे उघडे, पण टाचेला थोडी उंची असलेले पादत्राण वापरल्यास दोन्ही पिशव्यांना आराम मिळतो. अगदी सपाट चपलेने घर्षण थांबते, पण टाच खालीच राहते. खोलवरच्या पिशवीच्या दुखण्यात म्हणूनच ती पुरेशी ठरत नाही.

चढ, वाळू, उड्या आणि वेगाच्या धावा थांबवाव्यात. मात्र पूर्ण अंथरूण धरण्याचे कारण नाही. पोहणे आणि सायकल चालविणे यांमुळे दमश्वास टिकून राहतो. सायकलचे पेडल चवड्याने मारावे आणि टाच खाली जाऊ देऊ नये. घरात टाचा टेकवून दीर्घकाळ उकिडवे बसणे टाळावे. अनवाणी लांब चालणेही या काळात नको. गौलीगुड्याच्या राम मंदिरापासून सिकंदराबादच्या ताडबंद हनुमान मंदिरापर्यंत हनुमान जयंतीची शोभायात्रा निघते. टाच सुजलेली असताना अशा लांबच्या वाटेवर चालायचे असेल, तर मऊ आणि टाचेला उंची देणारे पादत्राण हवे.

सरावानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावल्यास वेदना कमी होते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने मोजके दिवस घेता येतात. ती घेऊन शर्यतीत उतरणे मात्र अयोग्य होय. त्यामुळे टाचेचा इशारा ऐकू येत नाही, आणि घामाने शरीरातील पाणी घटलेले असताना मूत्रपिंडावरही ताण पडतो.

दुसरा उपचार : कंडरेला बळ देणे

विश्रांतीने सूज उतरते, पण ताकद येत नाही. नुसत्या विश्रांतीनंतर मैदानावर परतलेल्या खेळाडूचे दुखणे म्हणूनच पुन्हा उद्भवते.

सूज ओसरू लागली की सपाट जमिनीवर उभे राहून टाचा किंचित उचलून ३० ते ४५ सेकंद स्थिर धरण्याचा व्यायाम चार-पाच वेळा करावा. तो सहज जमू लागल्यावर टाचा हळूहळू उचलणे आणि हळूहळू टेकवणे असा व्यायाम १५ वेळा, तीन फेऱ्यांत करावा. आधी दोन्ही पायांनी, पुढे एका पायाने आणि नंतर पाठीवर वजन घेऊन, अशी पायरी-पायरीने वाढ करावी. टाच जमिनीच्या पातळीखाली मात्र कोणत्याही टप्प्यावर जाऊ देऊ नये.

या शेवटच्या सूचनेमागे अनुभव आहे. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कंडरेच्या दुखण्यासाठी पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडण्याचा १२ आठवड्यांचा व्यायामक्रम मांडला आणि तो जगभर रूढ झाला. कंडरेच्या मधल्या भागातील दुखण्याला तो चांगला लागू पडला. हाडाला चिकटण्याच्या जागी दुखणाऱ्यांपैकी मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच त्याचा लाभ झाला. पुढे २००८ मध्ये स्वीडनमध्येच हाच व्यायाम जमिनीच्या पातळीवर थांबवून करून पाहण्यात आला, तेव्हा २७ पैकी १८ रुग्ण समाधानी झाले. हा अभ्यास लहान होता. परंतु पायरीवर टाच ताणण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला टाचेमागच्या दुखण्यात का चुकतो, हे त्यातून स्पष्ट होते.

व्यायामाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. १२ आठवडे हा वाजवी कालावधी मानावा. तीन महिन्यांनीही फरक नसेल, तर ध्वनिलहरींच्या आघातांचा, म्हणजे शॉक वेव्हचा उपचार हा पुढचा पर्याय असतो. सहा महिन्यांहून अधिक काळ नियमित उपचार करूनही वेदना कायम राहिली, तरच सुजलेली पिशवी आणि हाडाचा उंचवटा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. आता ती दुर्बिणीद्वारेही करता येते. तिच्यानंतरही खेळाकडे परतायला काही महिने लागतात.

इंजेक्शनचा मोह

निवड चाचणी आठवड्यावर आलेली असताना ‘एक सुई घे आणि धाव’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने वेदना खरोखरच लवकर शमते, आणि धोका नेमका तेथेच आहे. खोलवरची पिशवी कंडरेला अगदी लागून असल्यामुळे औषध कंडरेपर्यंत पोहोचू शकते. स्टिरॉइडमुळे कंडरेचे तंतू कमकुवत होतात आणि वेदना जाणवत नसल्यामुळे खेळाडू त्याच कंडरेवर पूर्ण भार टाकतो. अशा वेळी कंडरा तुटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ हे इंजेक्शन देतात; मात्र ते सोनोग्राफीच्या साहाय्याने, केवळ पिशवीत आणि त्यानंतर काही आठवडे धावणे बंद ठेवण्याच्या अटीवर. चाचणीच्या आदल्या दिवशीची सुई या चौकटीत बसत नाही.

याला दुसरीही बाजू आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टिरॉइडच्या या प्रकाराची सर्व इंजेक्शने निषिद्ध आहेत, मग ती सांध्यात घेतलेली असोत की कंडरेभोवती. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रायम्सिनोलोनसाठी अशा स्थानिक इंजेक्शननंतर किमान १० दिवसांचे अंतर सुचविलेले आहे. वैद्यकीय गरज असेल, तर उपचारांसाठीच्या सवलतीचा रीतसर अर्ज करावा लागतो. टाचेसाठी घेतलेल्या एका सुईमुळे खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी ठरू शकतो, हे त्याला आणि त्याच्या पालकांना आधी ठाऊक असले पाहिजे. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना आपण स्पर्धेत उतरणार असल्याचे सांगणे आणि औषधाचे नाव लेखी घेणे, ही खेळाडूचीच जबाबदारी आहे.

मैदानावर परतताना

परतण्याची तारीख कॅलेंडरने नव्हे, तर टाचेने ठरवायची असते. अर्धा तास झपाझप चालताना त्रास होत नसेल आणि एका पायावर सलग २० वेळा टाच उचलता येत असेल, तर सपाट जमिनीवर चालणे आणि हळू धावणे आलटून पालटून सुरू करावे. आधी वेळ वाढवावा, नंतर वेग, त्यानंतर चढ आणि सर्वांत शेवटी उड्या व स्पाइक्स. एका आठवड्यात यांपैकी एकाच गोष्टीत वाढ करावी.

मोजमापासाठी एक सोपा नियम उपयोगी पडतो. शून्य ते १० अशा मापात सरावाच्या वेळी वेदना ३-४ च्या पुढे जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्वीपेक्षा वाढलेली नसावी. सकाळी टाच अधिक ताठर वाटली, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला असे समजून एक पायरी मागे यावे. रोजच्या सरावाच्या वहीत अंतर आणि वेळ यांच्याशेजारी सकाळच्या टाचेची नोंद ठेवली, तर हा हिशेब आपोआप कळतो.

नवे बूट घेताना ते संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घालून पाहावेत. टाचेमागची कड दाबून तिचा कठीणपणा तपासावा. नव्या बुटात पहिल्याच दिवशी पूर्ण सराव करू नये. हंगामाच्या प्रारंभी नवे बूट, नवा चढ आणि वाढीव सराव एकाच वेळी येणार नाहीत, हे पाहणे प्रशिक्षकाचे काम आहे. हा वेळापत्रकाचा प्रश्न असून त्यावर एक रुपयाही खर्च होत नाही.

टाचेमागचे दुखणे दोन आठवड्यांत कमी झाले नाही, सूज वाढत गेली, लंगडणे सुरू झाले किंवा रात्री झोपेतून जाग येऊ लागली, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक जाणणारे डॉक्टर यांच्याकडे जाण्यास उशीर करू नये. दुखणे लपवून चाचणीत उतरणारा खेळाडू जिद्दी म्हणून वाखाणला जातो. दोन आठवडे सराव कमी करून उरलेला हंगाम वाचविणाऱ्याला ती वाहवा मिळत नाही. टाचेच्या बाबतीत मात्र मैदानावर अधिक काळ टिकतो तो हाच खेळाडू.